मागून निळा दिवा चमकला तर: न्यू जर्सीत नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

लायसन्स मिळून तीन आठवडे झाले होते. नोव्हेंबरची संध्याकाळ, साडेपाचलाच काळोख, जायला एक आणि यायला एक अशी लेन असलेला काउंटी रोड. बाबा पुण्याहून आलेले, शेजारच्या सीटवर बसलेले. आरशात एकदम निळा उजेड चमकायला लागला. सायरन नाही, पोलिसांच्या गाडीवर असतो तो लाल दिवाही नाही. एका साध्या पिकअप ट्रकच्या काचेमागून नुसता निळा.

मला वाटलं पोलीस. पोटात गोळा आला. बाबा ओरडले, "डावीकडे घे, डावीकडे!" आयुष्यभर त्यांनी कर्वे रोडला गाडी चालवली, ॲम्ब्युलन्स आली की डावीकडे दबायचं हे त्यांच्या हातापायांत भिनलेलं. माझ्याही. मी चाक डावीकडे वळवलं आणि समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांवर आले. कसंबसं परत उजवीकडे घेतलं आणि लेनच्या मधोमध थांबले. पिकअप माझ्यामागे अडकला. समोरची गाड्यांची रांग संपेपर्यंत तो तसाच थांबला आणि मग वळसा घालून निघून गेला. हॉर्नसुद्धा वाजवला नाही त्याने.

दोन दिवसांनी शेजाऱ्यांशी बोलताना विषय निघाला. ते व्यवसायाने प्लंबर, आणि वीसेक वर्षं आमच्या गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक. ते म्हणाले, "तो पोलीस नव्हता. आमच्यापैकी कोणी तरी असणार, फायर हाऊसला निघालेला."

तेव्हापासून इथे नव्याने गाडी चालवायला लागलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत आले आहे. पोळ्या लाटता लाटता, पार्किंगमध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत. आता एकदाचं नीट लिहूनच काढते.

१. आधी हे समजून घ्या: तो माणूस कोण आहे

मुंबई, पुणे, नाशिकला आगीचा बंब महापालिकेचा. जवान पगारी, पाळीवर स्टेशनातच असतात. घंटा झाली की दोन मिनिटांत बंब बाहेर. त्यामुळे कुणी स्वतःच्या घरून, स्वतःच्या गाडीतून आग विझवायला निघतो ही कल्पनाच आपल्याला नसते.

अमेरिकेत मात्र फायरफायटर्सपैकी साधारण दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत. प्रथा जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात १७३६ साली युनियन फायर कंपनी काढली, तीही स्वयंसेवकांचीच होती. न्यू जर्सीत नेवार्क, जर्सी सिटीसारख्या मोठ्या शहरांत पगारी दलं आहेत, पण प्लेन्सबरो किंवा साउथ ब्रन्सविकसारख्या, आपली माणसं भरपूर राहतात अशा टाउनशिपमध्ये अग्निशमनाची मोठी भिस्त स्वयंसेवकांवर आहे.

कामाची रीत अशी. कोणी ९११ ला फोन केला की स्वयंसेवकांचे पेजर आणि फोन वाजतात. काही गावांत फायर हाऊसच्या छपरावरचा भोंगाही वाजतो, अगदी गिरणीच्या भोंग्यासारखा. (पहिल्यांदा तो ऐकून मी घाबरले होते. घाबरू नका.) मग कोणी दुकानातून, कोणी जेवणाच्या ताटावरून, कोणी झोपेतून उठून आपापल्या गाडीने फायर हाऊस गाठतो. तिथे पुरेशी माणसं जमली की बंब हलतो. म्हणजे तुमच्या मागची ती पिकअप वाटेत जितकी अडकेल, तितका बंब तिकडे उभा राहील.

त्या मिनिटांची किंमत किती? यूएल या अमेरिकी संस्थेने सारख्याच मापाच्या दोन खोल्या पेटवून पाहिल्या होत्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान, दुसरीत आजचे फोम आणि प्लॅस्टिकचे सोफे-पडदे. जुन्या सामानाची खोली पूर्ण पेटायला जवळजवळ अर्धा तास लागला. आजची खोली चार मिनिटांच्या आत पेटली. आपल्या अपार्टमेंटमधला सोफा दुसऱ्या प्रकारातला आहे.

२. दिव्याचा रंग ओळखा

न्यू जर्सीत हे पाठ करून ठेवा:

- फक्त निळा, साध्या खासगी गाडीवर: स्वयंसेवक. अग्निशमन दलाचा किंवा गावच्या फर्स्ट एड, रेस्क्यू स्क्वॉडचा.
- लाल आणि निळा एकत्र: पोलीस.
- लाल दिवा आणि सायरन: बंब, ॲम्ब्युलन्स. स्वयंसेवक दलाच्या चीफच्या गाडीवरही लाल दिवा आणि सायरन असू शकतो.
- पिवळा: टो ट्रक, बर्फ काढणारी गाडी, रस्त्याचं काम.

स्वयंसेवकाचा निळा दिवा छोटा असतो. टपावर किंवा डॅशबोर्डवर बसवलेला, एक किंवा फार तर दोन. गाडी कुठलीही असेल: जुनी कोरोला, पिकअप, मागे मुलाची कारसीट असलेली मिनीव्हॅन. सायरन नसतो. म्हणून काचा बंद आणि गाणी मोठ्याने लावलेली असतील तर कानाला काही कळत नाही, आरशातच दिसतं. दर आठ-दहा सेकंदांनी आरसा बघायची सवय इथे फार उपयोगी पडते.

दिवा कोणीही लावू शकत नाही. त्यासाठी स्वयंसेवकाकडे अधिकृत ओळखपत्र लागतं, आणि कॉलवर निघाला असेल तेव्हाच तो सुरू करायचा असतो.

३. कायदा काय म्हणतो

इथे लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण कायद्याचे दोन भाग आहेत आणि बहुतेकांना त्यातला एकच ठाऊक असतो.

न्यू जर्सीच्या वाहतूक कायद्यात, म्हणजे टायटल ३९ मध्ये, निळ्या दिव्याने स्वयंसेवकाला कुठलीही सूट मिळत नाही. लाल सिग्नलला त्याने थांबायचं, स्टॉप साइनला थांबायचं, वेगमर्यादा पाळायची. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की इतर वाहनचालकांनी त्याला बंब-ॲम्ब्युलन्सला देतात तशीच वाट द्यायची. म्हणजे त्याला नियम मोडायचा हक्क नाही, आणि त्याला वाट द्यायची की नाही हे ठरवायचा हक्क तुम्हाला नाही. "दिली तर दिली, तो काय खरा बंब आहे का," असं मला चार वर्षं इथे राहिलेल्या एकाने सांगितलं होतं. न्यू जर्सीत ते साफ चूक आहे.

लायसन्सच्या लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात, ४० बरोबर यावे लागतात. मोटर व्हेइकल कमिशनच्या मॅन्युअलमध्ये आपत्कालीन गाड्यांचा भाग आहे. तो नुसता पास होण्यापुरता चाळू नका.

४. वाट कशी द्यायची

आता मुख्य काम. या पायऱ्या रिकाम्या पार्किंगमध्ये आणि शांत रस्त्यावर दोन-तीनदा करून बघा. भारतातून नुकतंच आलेलं माणूस असेल तर नक्कीच.

पहिलं, ब्रेकवर पाय आदळू नका. मागचा माणूस घाईत आहे, त्याच्या पुढ्यात अचानक थांबणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा.

दुसरं, उजवा इंडिकेटर. इंडिकेटर लावला की मागच्याला लगेच कळतं, आपल्याला पाहिलंय. त्यालाही हायसं वाटतं.

तिसरं, उजवीकडे. हे मी पुन्हा लिहिते, कारण माझा हात चुकला होता: उजवीकडे. रस्त्याच्या उजव्या कडेला, कडेशी समांतर, चौकाच्या बाहेर. पाच लेनचा हायवे असो की गल्ली, कड उजवीच. आईवडील शेजारी बसले असतील तर निघतानाच त्यांना सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी "डावीकडे घे" येणार नाही. आम्ही बाबांना सांगितलं, तेव्हा ते दोन दिवस गाडीत बसल्यावर स्वतःशीच "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत होते.

चौथं, पूर्ण थांबा. नुसतं हळू होऊन कडेने सरकत राहू नका. तुम्ही थांबणार की पुन्हा मध्ये येणार, हे मागच्याला कळत नाही.

पाचवं, तो गेला की लगेच निघू नका. एका कॉलला चार-पाच जण निघालेले असतात. पहिला निळा दिवा गेला, आपण डावा इंडिकेटर लावून रस्त्यावर आलो, आणि दुसरा थेट अंगावर आला, असं होतं. आरसा बघा, मान वळवून खांद्यावरून बघा, मगच निघा.

५. जिथे नवीन माणूस हमखास चुकतो

सिग्नलला पहिल्या नंबरवर उभे आहात, लाल आहे, मागे निळा दिवा. इथे अनेक जण घाबरून चौकात पुढे सरकतात. सरकू नका. आडव्या रस्त्याला हिरवा आहे, तिथली गाडी चाळीस मैलांनी येत असते. शिवाय लाल सिग्नल त्या स्वयंसेवकालाही लागू आहे. शांत उभे राहा, हिरवा झाला की चौक ओलांडा आणि पलीकडे उजवीकडे घ्या.

रस्ता अरुंद, शोल्डर (कडेला थांबायची पट्टी) नाही, कडेला बर्फाचा ढीग किंवा पूल. तिथे थांबून गाडी अडकवू नका. उजवा इंडिकेटर चालू ठेवून नेहमीच्या वेगाने पुढे जा आणि पहिलं रुंद ठिकाण, एखाद्याचा ड्राइव्हवे किंवा दुकानाचं पार्किंग मिळालं की बाजूला व्हा. वळणावर किंवा चढाच्या टोकाला थांबणं सर्वांत धोक्याचं. तुम्हाला ओलांडताना त्याला समोरचं दिसत नाही.

वेग वाढवून त्याच्या पुढे पळणं. "मी पटकन पुढच्या वळणावर वळते" असं वाटतं. करू नका. असं करताना वळण चुकतं, पादचारी दिसत नाही.

स्कूल बस लाल दिवे लावून उभी असेल तर सगळेच थांबतात. न्यू जर्सीत किमान २५ फूट अंतरावर. निळ्या दिव्यालाही त्यातून सुटका नाही. त्याला वाट द्यायला म्हणून बसच्या बाजूने पुढे जाऊ नका. मुलं उतरत असतात.

पाठलाग. रस्ता मोकळा झालाय म्हणून त्याच्या किंवा बंबाच्या मागोमाग जाणं. चालत्या बंबापासून किमान ३०० फूट मागे राहायचं, कामावर उभ्या बंबापासून २०० फुटांच्या आत पार्क करायचं नाही, आणि रस्त्यात पाण्याचा होज पसरलेला असेल तर अधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय त्यावरून गाडी न्यायची नाही. आत पाणी मारणाऱ्याच्या हातातलं पाणी त्याने तुटू शकतं.

आणि एक भीतीची गोष्ट, जी मला बऱ्याच बायका विचारतात. निळ्या दिव्याची साधी गाडी आपल्या मागे येऊन थांबली तर? स्वयंसेवकाला तुम्हाला थांबवण्याचा अधिकार नाही. तो पुढे निघून जातो. आपण बाजूला झाल्यावर ती गाडीही मागे थांबली, तर खाली उतरू नका. दारं लॉक, काच बंद, ९११ ला फोन करून जागा सांगा आणि मागची गाडी खऱ्या पोलिसाची आहे का ते विचारा. खऱ्या पोलिसाने थांबवलं तरी इथे आपण गाडीतून उतरायचं नसतं. हात स्टिअरिंगवर, दिसतील असे.

६. गाडीत काय असावं

लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड, तिन्ही मूळ आणि चालू तारखेची. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये कागदांच्या ढिगाखाली ठेवू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. फोन होल्डरवर. मागच्या काचेवरचं बर्फ आणि धुकं पूर्ण काढूनच निघा, समोरची काच खरवडून मागची तशीच ठेवणारे हिवाळ्यात खूप दिसतात, आणि निळा दिवा मागूनच येतो. मागच्या सीटवर सामान रचून आरसा झाकू नका. डॅशकॅम सक्तीचा नाही, पण असलेला बरा.

७. रस्त्याच्या कडेला उभी गाडी दिसली तर

हा वेगळा नियम आहे, 'मूव्ह ओव्हर' म्हणतात. पोलीस, बंब, ॲम्ब्युलन्स, टो ट्रक कडेला दिवे लावून उभे असतील तर शक्य असेल तेव्हा एक लेन सोडून जायचं. लेन बदलता येत नसेल तर वेगमर्यादेच्या खाली यायचं आणि थांबायची तयारी ठेवायची. न्यू जर्सीत दंड १०० ते ५०० डॉलर. अपघाताच्या ठिकाणी बंबाआधी पोचलेला स्वयंसेवक एकटाच कडेला उभा असू शकतो, तेव्हा निळा दिवा दिसला तरी तसंच करा. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये निळ्या-हिरव्या दिव्यांच्या उभ्या गाड्या या नियमात घेतल्या आणि मार्च २०२४ पासून तिथे कडेला थांबलेल्या सगळ्याच गाड्यांना तो लागू आहे.

८. राज्य बदललं की रंग बदलतो

लाँग वीकेंडला आपण सगळे निघतोच, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

न्यूयॉर्क: निळा दिवा स्वयंसेवक फायरफायटरचा, हिरवा स्वयंसेवी ॲम्ब्युलन्सवाल्यांचा. तिथे वाट देणं कायद्याने सक्तीचं नाही, पण सुरक्षित असेल तर सौजन्य म्हणून द्या, असं राज्याचं मॅन्युअलच सांगतं. मी तिथेही न्यू जर्सीसारखीच बाजूला होते. ओळखीच्या सगळ्यांना तेच सांगते.

मॅसॅच्युसेट्स: बॉस्टनला जाणाऱ्यांनो, तिथे निळा दिवा पोलिसांचा. निळा दिसला की तिथे तो स्वयंसेवक समजू नका. अग्निशमनवाल्यांचा दिवा तिथे लाल.

ऑन्टारिओ: टोरांटोच्या बाहेर, लहान गावांत स्वयंसेवकांचा दिवा हिरवा. आणि तिथे निळा दिवा चमकतो तो बर्फ काढणाऱ्या गाड्यांवर. न्यू जर्सीहून नायगाराला जाऊन पलीकडे उतरलात की एकाच दिवसात निळ्याचे दोन अर्थ होतात.

आपल्याकडे, भारतात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर बंब किंवा ॲम्ब्युलन्सला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण तिथे वाट मागणारी गाडी ओळखू येते. इथली अडचण ओळखण्याचीच आहे.

९. फायर हाऊस कुठे आहे ते शोधून ठेवा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि याचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. घर, ऑफिस, मुलांची शाळा आणि पटेल ब्रदर्स (आपलं किराणा दुकान) यांच्या वाटेवर फायर हाऊस कुठे आहेत ते नकाशावर बघून ठेवा. त्यांच्या अर्ध्या मैलाच्या आत निळे दिवे कुठूनही येऊ शकतात, गल्लीतून, पार्किंगमधून. फायर हाऊससमोर रस्त्यावर "ब्लॉक करू नका" अशा खुणा असतात. सिग्नलला रांग लागली तरी तो चौकोन रिकामा ठेवा. फायर हाऊसच्या ड्राइव्हवेपासून २० फुटांच्या आत पार्क करू नका. हायड्रंटपासून (बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ) १० फूट.

दुसरं, फोडणी. आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये एका रविवारी मी मिरचीची फोडणी केली, एक्झॉस्ट लावला नव्हता, आणि पॅसेजचं दार उघडं राहिलं. धूर पॅसेजमध्ये गेला, सगळ्या इमारतीचा अलार्म वाजला. आम्ही पोराला घेऊन खाली उभे. सहा-सात मिनिटांत निळे दिवे, मग बंब. जड कोट घातलेला एक माणूस जिन्याने वर गेला, थोड्या वेळाने खाली आला, हेल्मेट काढलं. मी रोज ज्याच्याकडून भाजी तोलून घ्यायचे तो दुकानातला मुलगा. कपाळावर घाम, कानामागे अजून पेन्सिल अडकवलेली. "एव्हरीथिंग इज ओके, मॅम," एवढंच म्हणाला. दुकानाच्या गल्ल्यावरून उठून आला होता.

म्हणून फोडणीआधी एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, पॅसेजचं दार बंद ठेवा. घरातला धूर पॅसेजकडे कधीच सोडू नका. आणि अलार्म वाजलाच तर "आमच्याच मिरचीचा असेल" म्हणून आत बसू नका, खाली उतरा.

१०. एकदा जाऊन भेटा

ऑक्टोबरच्या ९ तारखेच्या आसपास अमेरिकेत अग्निप्रतिबंधक सप्ताह असतो, १८७१ सालच्या शिकागोच्या आगीची आठवण म्हणून. साधारण नवरात्र-दसऱ्याचे दिवस. त्या सुमारास बरीच फायर हाऊस लोकांसाठी उघडी ठेवतात. पोरांना बंबात बसायला मिळतं, कोट घालून बघता येतो. तिथे विचारा: या गावात किती जण स्वयंसेवक आहेत, दिवसा किती हजर असतात, कोणत्या रस्त्याने फायर हाऊसला येतात. ते आनंदाने सांगतात. भरतीचा फॉर्मही तिथेच मिळतो. प्रशिक्षण मोफत असतं, आणि आगीत शिरायचं नसेल तर हिशेब, निधी, स्वयंपाक अशी कामंही असतात.

शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या डबीशेजारी त्यांचा पेजर चार्जरवर उभा असतो. मागच्या दिवाळीला फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा ते चकली तोंडात घालणार तोच तो वाजला. चकली त्यांनी ताटात परत ठेवली, किल्ल्या उचलल्या, आणि मी दारातून बाजूला झाले, उजवीकडे.